पांढरा आमचूर

खापर, गुरुवार, १२ जून

प्रिय मयंक,

परवा फोनवर तू हसत विचारलंस, "जीजी, तू मंत्री असतीस तर काय केलं असतंस?" आणि मी गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. मला राग आला होता, आणि रागात मला आपली मारवाडी पुरत नाही, शाळेतली मराठीच लागते. म्हणून लिहायला बसले. त्या शेजारी देशाचं नाव कागदावर आणायचं नाही असं तू बजावलंस, तर नाही आणत. आमच्या अटी माना, नाहीतर तुम्हाला लागणारा माल बंद, अशी त्याची धमकी. तुमच्या दिल्लीच्या बैठकीत निम्मे म्हणतात वाकू या, निम्मे म्हणतात उद्याच उलटा तडाखा देऊ या. इकडे शहाद्याचे पपईवाले तिथून येणाऱ्या विद्राव्य खतासाठी दुकानं पालथी घालताहेत.

अशी धमकी मी चौदाव्या वर्षी ऐकली. तू तेव्हा चार वर्षांचा होतास, तुला आठवणार नाही. डोंगरातल्या बायका कैऱ्या चिरून खडकांवर वाळवायच्या आणि आमचूर डोक्यावरून आपल्या दुकानात आणायच्या. तो सगळा बाबूजी शांतीलाल शेठला घालायचे, नाक्यापलीकडे, गुजरातेत. आपल्या दुकानातलं मीठ, गूळ, कापड त्याच्याच गाड्यांतून यायचं. त्या वर्षी शेठचा निरोप आला: भाव निम्मा, आणि दुसऱ्या कोणाला माल घालायचा नाही. बाबूजी नाही म्हणाले. आवाज चढवून नाही, नुसतंच नाही. आठ दिवसांत गाड्या बंद झाल्या. दुकानातलं मीठ संपलं. आपला माल उचलायला एकही गाडीवाला तयार होईना. ओसरीत थप्पी लावलेल्या आमचुराला मृगाची ओल लागली आणि सगळा काळा पडला. शेवटी बाबूजी एसटीने शेठकडे गेले, मला सोबत घेऊन. त्याने बाबूजींना बसासुद्धा म्हटलं नाही. "चांदमलजी, मोठ्या शेजाऱ्याशी भांडून कोणाचं घर चाललंय?" एवढंच म्हणाला आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो खाल्ला. शेठचा राग आहेच मयंक, पण तो पेढा मी खाल्ला याचा त्याहून जास्त आहे.

पुढे आपल्या बहिणीचं, प्रियलचं, लग्न ठरलं ते याच भीतीतून. शेठच्या मुलाचं, जिनेशचं, स्थळ आलं तेव्हा बाबूजींना वाटलं, सोयरीक झाली की धमक्या थांबतील. थांबल्या नाहीत. आता त्या प्रियलच्या तोंडून येऊ लागल्या. फोनवर ती सांगायची, "सासरे म्हणतात, यंदाही सगळा माल इकडेच पाठवा," आणि तिच्यामागे कोणीतरी खाकरायचं. बाईने, आपल्या आईने, अंथरूण धरलं त्या वर्षी बाबूजींनी हिंमत करून एक ट्रक इंदूरला पाठवला. त्याच आठवड्यात बाई गेली. प्रियल इथून तासाभरावर होती, आली नाही. "सूनबाईची तब्येत बरी नाही," असा निरोप आला. बाराव्या दिवशी आली तेव्हा तब्येत ठणठणीत होती. डोळे तेवढे सुजलेले. मी तिला काही विचारलं नाही. तू तेव्हा पुण्याला होतास, तूही न विचारता परत गेलास. इंदूरला दुसरा ट्रक काही गेला नाही.

बाबूजी गेल्यावर मी गल्ल्यावर बसले, त्याला आता नऊ वर्षं झाली. सगळ्यांना वाटलं जीजी दुकान सांभाळतेय. मी शेठला बुडवण्याची तयारी करत होते. बाबूजींचं नाही म्हणणं चुकलं नव्हतं, त्यांच्याकडे छप्पर नव्हतं, गाडी नव्हती आणि दुसरा घेणारा नव्हता. मी आधी गावाबाहेर पत्र्याचं मोठं गोदाम बांधलं, खाली सिमेंटची जमीन केली. मग इंदूरला चार वेळा जाऊन घेणारे पक्के केले. युसुफचाचांच्या मुलाने, कलीमने, ट्रक घेतला. त्याला मी विचारलं, शेठच्या माणसांनी अडवलं तर? तो म्हणाला, "जीजी, गाडी मन्ही शे. कोन अडावस ते देखूत." गाडी त्याची स्वतःची, अडवणाऱ्याला तो बघून घेणार होता. सगळ्यात अवघड होती मोलगीकडची धनुबाई. तिच्या शब्दावर वीस पाड्यांच्या बायका चालतात. ती मला म्हणाली, "भांडण तुम्हा शेठलोकांचं, माल आमचा. बुडाला तर कोणाचा बुडणार?" मी एवढंच म्हटलं, या भांडणापायी काळा पडला तर तोही मी पांढऱ्याच्या भावाने घेईन. पहिल्याच वर्षी शेठला न देता मागे ठेवलेला थोडा माल काळा पडला. घेतला. त्यानंतर धनुबाईने मला काही विचारलं नाही. तुमच्या बैठकीत तडाखा द्या म्हणणाऱ्यांना एवढं विचार, की काळा पडलेला माल ते घेणार आहेत का.

यंदा दिवस आला. जिनेशने एका मोठ्या मसालेवाल्याला सगळा पांढरा आमचूर द्यायचा करार केलाय, आणि मोलगीपासून धडगावपर्यंतचा पांढरा आमचूर माझ्या गोदामात आहे. त्याला वाटलं होतं, दरवर्षीसारखा मीच पोचवेन. आधी त्याचा माणूस आला, त्याला परत पाठवलं. मग रस्ता बंद करण्याची धमकी आली, तिला मी हसले. सोमवारी शेठ स्वतः आला. ऐंशी वर्षांचा, काठी टेकत. पोत्यावर बसला. मी त्याला चहा दिला आणि तासभर तसाच बसवून माल जोखत राहिले. "बेटी, आपण घरचीच माणसं," म्हणाला. मी म्हटलं, माल दुसरीकडे ठरलाय. खोटं कशाला सांगू, त्या तासाइतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नाही. या महिन्यात माल मिळाला नाही तर त्याची आमचूर दळायची गिरणी बंद पडेल. मला ठाऊक आहे आणि मला तेच हवंय. येत्या सोमवारी सकाळी माल इंदूरला निघतोय.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. काल दुपारी प्रियलचा फोन आला. गच्चीवरून बोलत असावी, वारा ऐकू येत होता. मला वाटलं सासऱ्यासाठी रदबदली करेल, मी मन घट्ट केलं. ती म्हणाली, "जीजी, माल देऊ नकोस." मी विचारलं, आणि तुझं? "माझं मी बघते," म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर लागलाच नाही. मयंक, तिचं ती बघेल म्हणूनच आपण सगळे एकदा गप्प बसलो होतो. मी सोमवार पुढे ढकलणार नाही, तेवढं माझ्याने होणार नाही. पण माल निघेल त्या दिवशी आपलं माणूस त्या घरात नको. टपालाला वेळ नाही, म्हणून या कागदांचे फोटो काढून तुला पाठवतेय. फोनवर बोलायला गेले असते तर रडले असते. शनिवारी विमानाने सुरतेला उतर, रविवारी सकाळी तिच्या दारात जा. तू दिल्लीतला साहेब आहेस, तुला ते अडवणार नाहीत. मी गेले तर त्या अंगणात माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नाही. फक्त तिला गाडीत बसवण्याआधी, यायचंय का, हे तिला विचार. लग्नाच्या वेळी आपल्यातल्या कोणीच तिला काही विचारलं नव्हतं.

वाट पाहणारी, तुझीच
रक्षाजीजी