तुमचं नाव विचारणारा फोन

अहो,

'प्रिय' लिहायला बसले आणि हात अडला. उभ्या जन्मात तुम्हाला 'अहो'शिवाय हाक मारली नाही, आणि तुम्हीही मला 'अगं'च म्हणालात. मग आता हे नवं सोंग कशाला?

उद्या राजाजीनगरच्या आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये मला बायकांसमोर उभं राहून बोलायचंय, आणि आत्तापासूनच भीती वाटतेय. नातू झोपलाय, अनुजा तयारीत आहे. ही भीती सांगायची कुणाला? म्हणून तुम्हाला.

आपल्या या सूनबाईने बाळासाठी इलेक्ट्रॉनिक सिटीतली नोकरी सोडली, ती तुमच्यादेखत. नंतर तिला कुणी दारात उभं करेना. मधे खंड पडला म्हणे! आता सरकारने सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण काढलंय. फी सरकार भरतं, वर थोडं विद्यावेतन देतं, आणि अशा बाईला कामावर घेणाऱ्या कंपनीला तिच्या सुरुवातीच्या पगारातला वाटाही देतं. हसू नका! "सरकारी योजना म्हणजे कागदावरची भाकरी," असं तुम्ही म्हणायचात, ठाऊक आहे. पण ही भाकरी फुगतेय हो, मी पाहतेय. पोरगी कुकर लावता लावता धडे घोकते.

फक्त एक अट राहिलीय. आपल्या वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना, त्यांना कळेल अशा भाषेत, फोनवरच्या फसवणुकीपासून सावध करायचं, स्वतः बोलून नाहीतर कुणाला बोलायला लावून. परीक्षक बाई समोर बसणार. ते जमलं तरच प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं तरच नोकरी. आणि त्यात बोलायचं कुणी? मी! सातवीत शाळा सुटलेली, बसच्या पाट्या वाचून कन्नड शिकलेली मी!

मीच का, ते ऐका. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलंय.

मागे एका सकाळी व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दीतला माणूस. म्हणाला, तुमच्या पतीच्या नावाने पार्सल सापडलंय, त्यात नशेचा माल आहे. मी म्हटलं, "साहेब, ते तर गेले हो." तर म्हणे, "मग गुन्हा तुमच्यावर. दार लावून बसा. कुणाशी बोललात तर अटक."

कारखान्यातली पेन्सिलसुद्धा घरी न आणणारा माणूस, आणि गेल्यावर त्याच्या नावाला हा डाग? मुकाट्याने खोलीचं दार लावलं, पदर सावरला आणि खुर्चीत ताठ बसले. पडद्याच्या कोपऱ्यात माझाच चेहरा दिसत होता. इतका भेदरलेला चेहरा मी आरशात कधी पाहिला नव्हता. तुम्ही असतात तर फोन तुम्हीच उचलला असता ना? गेलात ते सगळे फोन माझ्या गळ्यात घालून!

तो विचारत गेला, मी सांगत गेले. घर, मुलगा, बँक. मग त्याने दरडावलं, "पतीचं पूर्ण नाव सांगा."

आली का पंचाईत! उखाणा सोडला तर तुमचं नाव कधी या तोंडून बाहेर पडलंय? डोक्यावर अटक लोंबकळतेय, तरी जीभ वळेना. रेशनवाल्यापुढेही मी शेजारणीलाच पुढे करायची, आठवतं? तेच केलं. सवयीने उठले, दार उघडलं. आतल्या खोलीत अनुजाचा ऑनलाइन वर्ग चालू होता. तिला हाक मारली, "अनुजा, तुझ्या सासऱ्यांचं नाव सांग गं या साहेबांना!"

हेडफोन गळ्यात घेऊनच ती धावत आली. फोन माझ्या हातातून घेतला. "कुठलं ठाणं? आधी तुमचं नाव सांगा!" झालं! पडदा काळा.

मला रडू फुटलं. ती पाठीवरून हात फिरवत होती. म्हणाली, "आई, आमच्या वर्गात हेच शिकवतात. तो आधी माणसाला एकटं पाडतो. तुम्ही दार उघडलंत, तिथेच त्याचा डाव मोडला."

डाव मोडला, पण अहो, भीती मोडली नाही. अजून फोन वाजला की छातीत धस्स होतं. त्याने माझा चेहरा पाहिलाय, पत्ता मीच सांगितलाय. उद्याचं बोलणं त्याच्या कानावर गेलं तर? शेजारची नागम्मा आत्ताच चिडवते, "काय अक्का, चोराला साहेब म्हटलंत! मग स्वल्प कॉफी तरी पाजायची!" हसतील सगळ्या. हसू देत. पण माझी बोबडी वळली आणि त्यापायी पोरीचं वर्षभराचं कष्टाचं पीक गेलं तर?

काल तिला म्हटलं, "दुसरं कुणी बघ ना गं."

"आई, मी सांगितलं तर म्हणतील, कालची पोर शहाणपण शिकवते. तुमचं ऐकतील."

"आणि जीभ टाळ्याला चिकटली तर?"

"तर मला हाक मारा. त्या दिवशी मारलीत तशी."

"सरी, बरं बाई," म्हटलं, आणि भाजी निवडायला घेतली.

तेव्हा हे वचन घ्या. उद्या मी उभी राहीन. खुर्चीची पाठ धरून का होईना, पण उभी राहीन. तुमचं नाव मात्र तिथेही घेणार नाही, तेवढ्यापुरतं अनुजाला पुढे करीन. आणि यापुढे कितीही मोठ्या साहेबाने "दार लावून बसा" म्हटलं, तरी मी आधी दार उघडीन.

तुमचीच,
अगं