डबीच्या आत लपवलेला सेल

बाबा,

ती सेन्सरची डबी आज तुमच्या साहेबांना दाखवायला नेऊ नका! आधी हे वाचा, चहा नंतर.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी छाती फुगवून सांगितलं, की तापमान मोजणारा हा सेन्सर सेलशिवाय, नुसत्या ट्यूबलाइटच्या उजेडावर चालतो. चालतो हो, पण घरातल्या उजेडावर वीज इतकी थेंबथेंब साठते, की वीस मिनिटांनी एकदा आकडा येतो. परीक्षक तर दोनच मिनिटं थांबणार होते. म्हणून मी गुपचूप सोलर पट्टीच्या मागे घड्याळाचा सेल चिकटवला. मोबाइलवर धडाधड आकडे आले, पहिला नंबर मिळाला, आणि तुम्ही शेजारच्या काकांना म्हणालात, "आमच्या पोरीने उजेडातून वीज काढली!" मी तिथेच दात काढत उभी होते, बाबा. आता आठवलं की तोंड कुठे लपवू असं होतं.

साहेबांनी गोदामभर हे लावायचं मनावर घेतलं, तर मान तुमची खाली जाईल. म्हणून सेल काढून टाकलाय. बक्षिसाचा कप घेऊन मी लवकर शाळेत जातेय, बाईंना सगळं सांगणार आहे. कपही परत देणार.

कामावरून दमून येऊन तुम्ही आठवडाभर सोल्डरिंगचे जे डाग दिलेत, त्यातला एकही सुटलेला नाही. चूक फक्त माझी आहे. साहेबांना तसंच सांगा.

संध्याकाळी हवं तेवढं ओरडा. फक्त नेहमीसारखं "जाऊ दे गं" म्हणू नका.

तुमची बडबडी