फाईल समोर, तरी मशीन म्हणतं नाही

परभणी, १२ ऑगस्ट १९९३

ती. स्व. किशनमामांना चंद्रभानचा साष्टांग दंडवत. मामींचा गुडघा कसा आहे? वालूरला पाऊस झाला म्हणे. इकडे ढग येतात आणि (आमच्या कचेरीतल्या साहेबांसारखे) गुरगुरून निघून जातात.

माझी खुशाली म्हणाल तर गेले आठ दिवस ती नव्हती, आजपासून आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, पाथरीच्या व्यंकटरावांनी "पोरगं नोकरीत कायम झाल्याबिगर लेक सगुणा द्यायची न्हाई" म्हणून सांगितलं, आणि मला कायम करायचं की नाही हे साहेबांनी कॉम्प्युटरच्या एका प्रोग्रॅमवर ठेवलं. निकालपत्रकं छापायचा हा प्रोग्रॅम पुण्याहून टेपवर आला. फुकटचा! आतला मजकूर सगळा उघडा, ज्याला जमेल त्यानं दुरुस्त करावा (म्हणजे अडलं तर भांडायला माणूस नाही). तो बसवण्याआधी त्याच्याबरोबर आलेला एक तपासनीस (तोही प्रोग्रॅमच, माणूस नव्हे) मशीनला विचारत सुटतो, ही फाईल आहे का, ती आहे का. या फायलींना हेडर म्हणतात. बाकी सगळ्यांना त्यानं 'आहे' म्हटलं आणि एकीला 'नाही'. मामा, ती फाईल ढळढळीत समोर होती! मी तिचा कागद छापून मशीनपुढे धरला (काय करणार, माणूस पिसाळतो). जागा बदलली, नक्कल करून ठेवली. नाही म्हणजे नाही. शेवटी तपासनिसाच्या तोंडी मीच 'आहे' घातलं, तर पुढे प्रिंटरनं चाळीस पानं नुसत्या चुका ओकल्या. साहेब पानं चाळत म्हणाले, "चंद्रभान, ह्यो निकाल कुन्या पोराचा हाय?"

मग मला आमची सरजाआत्या आठवली. असते घरातच, पण लग्नाचं बोलावणं थोरल्या जावेला आधी गेलं नाही की दार लावून बसते. ही फाईलही तशीच निघाली. तिचा सगळा कारभार दुसऱ्या एका फायलीच्या भरवशावर. एकटीला बोलावलं की अडते, आणि तपासनीस समजतो की ती नाहीच. म्हणून तपासणीत एक ओळ वाढवली, आधी थोरलीला बोलाव, मग हिला. प्रोग्रॅममध्येही तोच क्रम लावला. 'आहे' उमटलं आणि मी खुर्चीवर चढून नाचलो. साहेबांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली आणि तेलकट हातानंच मला कायम करायच्या ऑर्डरवर सही केली. लय आनंद झालाय मामा. ती ओळ मी प्रोग्रॅमच्या मूळ लेखकांनाही टपालानं धाडली आहे (ते अमेरिकेत असतात, त्यांची सरजाआत्याशी ओळख नसावी).

मामींना नमस्कार, बैलांच्या पाठीवर माझी थाप.

तुमचा भाचा,
चंद्रभान

ता. क. रविवारी पाथरीला जाऊन व्यंकटरावांकडे सोयरीक पक्की करून या. ऑर्डरची नक्कल सोबत आहे. फेटा बांधून जा.

आणखी ता. क. तुमच्यापासून काय लपवू? आत्याची गाऱ्हाणी मी नुसती चहा पिताना सांगत होतो. ती ओळ लिहिली सगुणानं. ती आमच्याच खोलीत टायपिंगला असते, हे व्यंकटरावांना माहीत आहे. आम्ही एकमेकांशी बोलतो, हे नाही. तेव्हा माझ्या हुशारीचा विषय निघाला तर तुम्ही कापसाचं काढा. नाहीतर ते म्हणतील, ही ऑर्डर पोरीच्या नावानं निघायला पाहिजे होती. आणि मामा, ते खरं आहे.