पहिल्या नंबरचा ड्रायव्हर

आईस,
गुडघा दुखत असेल तर बसून वाच.

मी बरी आहे. वादळानंतर मदतीच्या गोदामात वीज आलीय आणि दोन्ही वेळा राजमा-भाकरी मिळते. घराचं छप्पर कुणी नीट केलं का?

राजधानीतून, तेगुसिगाल्पाहून, बारायोना नावाचा नवा साहेब आलाय. त्याच्या बुटांना अजून चिखल माहीत नाही. मदतीचा ट्रक रिकामा करून जो लवकर परतेल तो पहिला, हा त्याचा नियम. त्यामुळे आमचा ड्रायव्हर विल्मर रोज पहिला. तो सगळी पोती तुटलेल्या पुलाच्या अलीकडेच टाकतो आणि जेवायच्या आत हजर होतो. साहेबाने त्याचा फोटो भिंतीवर लावलाय.

एलिओदोरोकाका शेवटचे. नदी उतरेपर्यंत ते थांबले, मग पीठ खेचरांवर लादून तुमच्या डोंगराकडे निघाले. परतायला चार दिवस लागले. साहेब म्हणतो, "खेचर आपल्या तक्त्यात बसत नाही." मनात म्हटलं, खुर्चीत मात्र छान बसतं.

ड्रायव्हरांची मुकादम मी, म्हणून काकांना कामावरून काढण्याच्या कागदावर सही माझी हवी आहे. पीठ तुमच्यापर्यंत पोचलं का, ते गावच्या सगळ्यांच्या सह्यांनिशी लिहून पाठव. तोवर माझं पेन हरवलेलं आहे.

तुझी,
नोल्विया