चांदणीशेजारचं तोंड

उधना, २३ डिसेंबर १९९६, सोमवार

आधी आल्या त्या आमच्या चर्चच्या पाळकबाई, नानखटाईचा पुडा घेऊन, आणि मागून पाळकसाहेब. माझी नात बघायला! महिन्याची झाली, नाक अगदी माझं. मी तर हरखूनच गेले, चहात साखर दोनदा घातली. पण साहेब दारातच थांबले. नाताळच्या चांदणीशेजारी राक्षसाचं तोंड टांगलंय ना, लाल जीभ काढलेलं. सूनबाईनं पोटुशी असताना दिवाळीच्या बाजारातून आणलं, दृष्ट लागू नये म्हणून.

"आजीबाई, एकाच दारात येशू आणि सैतान? बाप्तिस्म्याआधी ते उतरवा."

"उतरवते साहेब," म्हणाले मी. त्यांचं चुकलं कुठं? पुठ्ठ्याचं तोंड काय राखणार, राखणारा देवबाप.

ते गेल्यावर मी स्टुलावर चढले. सून म्हणाली, "काढा आई. पण थांबा जरा, बाळाला घेऊन आत जाते."

एवढंच बोलली. दोन लेकरं गेली हो तिची, दोन्ही सव्वा महिन्याच्या आत. तेव्हा दारावर नुसता क्रूस होता. प्रार्थना का मी कमी केली होती?

हात वर जाईना. ती जीभ अगदी नाकासमोर. शेवटी चांदणीच सोडली आणि त्या तोंडावरून बांधली. बापा, रागावू नकोस. खाली उतरून पाहिलं, तर चांदणीखालून जीभ दिसतेच.

रविवारी येतो म्हणालेत दोघं.