रेवदंड्याच्या बंदरावरची खुर्ची

चौल, दि. १८ मे

आदरणीय भागोजीदादा यांस, धाकट्या रत्नपालचा सविनय जयभीम.

इकडे सर्व क्षेम. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींनी सांगितलेलं तिळाचं तेल मीही लावून पाहिलं. (माझ्या अनुभवाप्रमाणे ते गुडघ्यापेक्षा चादरीला जास्त लागतं, पण वहिनींना सांगू नकोस.) रायवळ आंबे उतरवायला आलेत, कुणी मुंबईकडे निघालं की पाठवतो. आता आनंदाची बातमी. तुझ्या पुतणीची, म्हणजे आमच्या रचनाची, उरणच्या बाजूच्या त्या बोटदुरुस्तीच्या कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून निवड झाली. काल दुपारी पत्र आलं आणि मी असा सुस्कारा सोडला की ओटीवरचं मांजर उठून परसात गेलं. गेला दीड महिना मी नीट जेवलेलो नाही. (रचनाची आई म्हणेल जेवलेत. भात मोजून घालणाऱ्या माणसाला मनाची अवस्था कळत नाही.)

झालं असं. बारावीची परीक्षा संपली आणि कॉलेजने नवंच काढलं: प्रत्येकाने दहा दिवस कुठेतरी खरं काम करायचं, रोज काय शिकलो ते वहीत लिहायचं, मालकाची सही घ्यायची आणि शेवटच्या पानावर त्याचा शेरा. ती वही आणि मुलाखत पाहून कंपनी चाळीसजणांतून सहाजण घेणार. मी रचनाला म्हटलं, अलिबागला माझ्या जुन्या ऑफिसात बस, पंखा आहे, चहा वेळेवर येतो. ती म्हणाली, मला इंजिन शिकायचंय. आणि तिने रेवदंड्याच्या बंदरावरचा विनेश गाठला. हा विनेश कोळी बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. त्याच्या शेडमध्ये पाऊल ठेवलं की चपलेला ग्रीस लागतं, ते पुढच्या दिवाळीपर्यंत निघत नाही. पण पोरीचा हट्ट तुला ठाऊक आहे. (तुझ्यावरच गेली आहे. तूही ऑफिसची नोकरी सोडून गोदीत गेलास तेव्हा आपले बाबा दोन दिवस बोलले नव्हते.)

दादा, एकतीस वर्षं मी सरकारी टेबलावर काढली. एकही कागद कुणी शब्द टाकल्याशिवाय हललेला पाहिला नाही. मग पोटची पोर तशीच कशी पाठवायची? मी फक्त चार ठिकाणी शब्द टाकला, तोही साधाच: पोरीकडे लक्ष असू द्या. पण शब्द हा पाहुण्यांच्या कालवणासारखा असतो, हातोहात जाताना प्रत्येकजण त्यात थोडं पाणी घालतो. आपल्या नामा सरपंचाने विनेशला सांगितलं की मोठ्या साहेबांची मुलगी आहे. दुसऱ्याने सांगितलं, जपून, वरून आली आहे. त्यात मी सवयीप्रमाणे विनेशला रीतसर पत्र धाडलं: जावक क्रमांक ४७, विषय, संदर्भ, खाली 'प्रत माहितीसाठी'. (निवृत्तीनंतरही मी घरी आवक-जावक वही ठेवतो. माणसाला काही शिस्त हवी.) बिचाऱ्या विनेशने त्यातून एवढंच ताडलं की बोटींचे परवाने आणि डिझेल तपासायला कुणीतरी बाई येणार.

पहिल्या दिवशी रचना जुना ड्रेस घालून गेली, तर शेडच्या मधोमध प्लॅस्टिकची नवी खुर्ची, खुर्चीवर टॉवेल, समोर टेबलफॅन. ती उठली की विनेशही उठायचा. तिने पान्याला हात लावला की तो पाना पुसून परत जागेवर ठेवायचा. तिने दोनदा सांगितलं की मी शिकायला आले आहे, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, मॅडम, आमच्याकडे सगळं कायदेशीर हाय. चार दिवसांच्या नोंदी मी चोरून वाचल्या. पहिला दिवस: शिकले काही नाही, शहाळे एक. दुसरा: काही नाही, शहाळे एक, चहा दोन. तिसऱ्या दिवशी भजीही होती. चौथ्या दिवशी फक्त 'काही नाही' आणि खाली पेन इतकं दाबलेलं की पान फाटलं होतं.

त्याच संध्याकाळी तिला माझ्या फाइलीत क्रमांक ४७ ची स्थळप्रत सापडली. (गुन्हा केला तर त्याची स्थळप्रत ठेवू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.) ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, पप्पा, दहातले चार दिवस तुम्ही खाल्लेत, आणि आत जाऊन तिने दार लावलं. दादा, मला फार लाज वाटली. मी लगेच चारही ठिकाणी फोन करून शब्द मागे घेतला. घ्यायला नको होता. विनेशला तासाभरात चार फोन गेले की त्या मुलीसाठी आम्ही काही बोललो होतो ते विसरा. त्याने ठरवलं, पोरीने काहीतरी भानगड केलेली दिसते. पाचव्या दिवशी हत्यारांच्या पेटीला कुलूप होतं आणि खुर्ची शेडबाहेर, उन्हात, वाळत घातलेल्या बोंबलांजवळ. शहाळंही बंद.

आणि इथेच आपलं नशीब उघडलं. बोंबलांवरचे कावळे हाकायला विनेशची आई केसरआजी रोज तिथे येते. तिला ऐकू कमी येतं, फोन ती वापरत नाही, त्यामुळे माझा शब्द गावभर फिरला तरी तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता. तिने आपल्या राज्यात परकी पोर खुर्चीवर बसलेली पाहिली आणि काठी आपटली. म्हणाली, "ए बाय, ऊठ! म्हातारी उभी नि तू बसतंस? खायाला कार हायस का भुईला भार? जा, तो इन्या एकटा मरतंय, त्याला पाना दे जा." (इन्या म्हणजे विनेश.) रचना उठली, केसरआजी बसली. विनेशने आईकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, आणि मुकाट्याने चावी काढली. आईपुढे कुठला सरपंच टिकतो?

त्या दिवसापासून उरलेले सहाही दिवस पोर घरी यायची ती कोपरापर्यंत काळी. अंगाला डिझेल आणि सुकट यांचा मिळून असा वास की गल्लीतली कुत्री दारापर्यंत पोचवायला यायची. पण हसत यायची, दादा. आठव्या दिवशी ती माझ्याशी बोलली. म्हणाली, डिझेलच्या नळीत हवा शिरली की चांगलं धडधाकट इंजिनही बंद पडतं, मग आधी ती हवा काढावी लागते. हे सांगताना ती माझ्याकडेच का बघत होती ते मी विचारलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी तिने मला घरी बसायची शपथ घातली. (मला अलिबागला एस.टी. स्टँडवर वेगळं काम होतं. स्टँडसमोरच मुलाखती होत्या, हा योगायोग.) तिथल्या साहेबांनी विनेशचा शेरा मोठ्याने वाचला म्हणे. (माझ्या पत्राचा आणि फोनांचा घोटाळा रचनाने त्याला काम करताना सांगितला होता.) तो असा: 'मुलगी कामाची आहे. नट हरवत नाही. पहिले चार दिवस फुकट गेले, त्यात तिचा दोष नाही. पुढच्या वेळी सोबत वडील पाठवू नयेत.' सगळे हसले. मग साहेबांनी विचारलं, चार दिवस काय केलंस? ती म्हणाली, काही नाही, वहीत तेच लिहिलंय. साहेब म्हणाले, चाळीस वह्या वाचल्या, सगळी मुलं पहिल्या दिवसापासून पुष्कळ शिकलेली आहेत. खरं लिहिलेली ही एकच. हे तिने मला घरी आल्यावर सांगितलं आणि मी तोंड धुवायच्या निमित्ताने मोरीत जाऊन रडून घेतलं.

एवढंच कळवायचं होतं. वहिनींना जयभीम. तुझा आमच्यावर लोभ आहेच, तो मनातच ठेव, कुणाजवळ बोलून दाखवू नकोस.

तुझा धाकटा,
रत्नपाल

ता. क. १ : एवढंच नव्हतं. तुझी गोदीतली पान्यांची पेटी माळ्यावर पडून असेल तर रचनाला दे. एक जूनला ती रुजू होते. या पत्रावर जावक क्रमांक नाही, कारण वही तिने जप्त केली आहे; उरलेल्या पानांवर ती इंजिनाच्या आकृत्या काढते.

ता. क. २ : आता खरं काम. दोन मे रोजी मी तुला एक पत्र धाडलं होतं, जावक क्रमांक ४८. त्यात लिहिलं होतं की त्या कंपनीतले साहेब गोदीत तुझ्या हाताखाली होते, तर एक शब्द टाक. रचनाला हे ठाऊक नाही. ते पत्र मिळालं नसेल किंवा तू फोन केला नसशील, तर आजच्या आज एक पोस्टकार्ड टाक: 'केला नाही'. बस्स, दोन शब्द. केला असशील, तर मला कधीही सांगू नकोस. म्हणूनच फोन न करता पत्र लिहितो आहे. फोनवर तुझ्या आवाजावरून मला कळलं असतं.

ता. क. ३ : कार्ड आलं नाही, तर टपालात गहाळ झालं असं मी धरून चालेन. आजकाल टपालाचं काही खरं नाही.