तुझ्या नावाची खिडकी

प्रिय रोशनी,

हे पत्र भाविकच्या हाती देतेय. दिवाळीला तुला माहेरी न्यायचं विचारायला तो उद्या सकाळच्या एसटीने तलासरीला येतोय. तुझा भाऊ आहे, वाटेत उघडून वाचणार नाही, एवढा भरवसा आहे. फोन केला असता, पण तुझा फोन नेहमी स्पीकरवर असतो. मागच्या वेळी मी दापोड्याच्या आपल्या गोडाऊनचं नाव काढलं, तेव्हा तुझ्या सासूबाई मागून म्हणाल्या, "हिचा त्या गोडाऊनमधला जीव अजून सुटला न्हाय का?" तू हसून विषय बदललास. म्हणून लिहितेय. एकटी असशील तेव्हा वाच, पण उद्याच वाच. परवा, सोमवारी, आपल्या गोडाऊनच्या मागच्या भिंतीलगतचे सगळे रॅक वेल्डिंग करून दुरुस्त करणार आहेत, आणि माझी आई तिथेच, त्या भिंतीजवळच्या पॅकिंगच्या टेबलावर बसते.

तू म्हणशील, दिपिका नेहमीच घाबरते. खरं आहे. गॅस बंद केला का बघायला मी अर्ध्या वाटेतून घरी परत गेले होते, तेव्हा तू रिक्षावाल्याला म्हणाली होतीस, "चला हो दादा, ही बाई चुलीला पण कुलूप लावते." सगळी रिक्षा हसली होती. पण या वेळी मी नुसती मनात घाबरून लिहीत नाहीये. खाली जाऊन बघून आले आहे.

आधी बरं ते सांगते. आई बरी आहे. मध्ये तापाने पडली होती, आता कामावर यायला लागली. कंपनीने बायकांना हिरवे कोट दिलेत, आईला तो गुडघ्याच्या खाली येतो, तरी धुऊन वाळवून रोज घालते. रिक्षात ती सगळ्यांना सांगते, "माझी पोरगी वरती एसीत बसून आमाला टीव्हीत बघते. आपल्याला काय व्हनार?" धोंडूबाई तिला चिडवते, "गंगू, मंग टीव्हीत जरा हसत जा ना, तोंड कडू करून बसलेली असतेस." पाड्यावर आपण दोघीच संगणकावर काम करणाऱ्या पोरी. तू गेल्यावर मी एकटीच राहिले. माझा शाळेचा दाखला काढताना अंगठा उठवलेली माझी आई, तिला मी वरून बघते याचा केवढा आधार वाटतो, हे तुला सांगायला नको.

तू शिकवलेलं सगळं बोटांत बसलंय. पहिल्या आठवड्यात मी एक पान बंद करून दुसरं उघडायचे, परत पहिल्यासाठी पासवर्ड टाकायचे, आणि तू कपाळाला हात लावायचीस. मग तू माझा डावा अंगठा धरून आल्टवर ठेवलास आणि म्हणालीस, "हा इथून हलवायचा नाही. टॅब दाबत राहा, खिडक्या आपोआप पुढे येतील." विंडोजचं बटण आणि बाण दाबून एका पडद्यावर चार खिडक्या कोपऱ्याकोपऱ्यात कशा बसवायच्या, चुकून बंद झालेली खिडकी कंट्रोल-शिफ्ट-टीने कशी परत आणायची, एकाच ब्राउझरमध्ये दोघींची दोन प्रोफाइलं कशी ठेवायची, सगळं तूच. माझ्या खिडकीच्या कोपऱ्यात गोलात नुसतं 'दि' हे अक्षर, आणि तुझ्या खिडकीला तुझा फोटो, तो मुरबाडच्या जत्रेतला, दात दाखवून हसतानाचा. अजून तोच आहे.

तू लग्नासाठी सोडून गेलीस तेव्हा आपले मॅनेजर भावेश सर म्हणाले होते की तुझ्या जागी नवीन सेफ्टीवाला येईपर्यंत रोशनीचं प्रोफाइल राहू दे. तूही म्हणालीस, राहू दे, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. नवीन माणूस आलाच नाही. आता माझ्या पडद्यावर वर डावीकडे सरांनी उघडून दिलेली त्यांची खिडकी असते. वेल्डिंगचं परमिट तिथून मागायचं. वर उजवीकडे तुझी. मागितलेलं परमिट तिथे येतं, तिथे तपासून मंजूर करायचं. खाली एका बाजूला माझी, मालाची, आणि दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याची. सर मला फोनवर सांगतात, "अमुक रॅकचा पाय तुटलाय, घे करून." मी सरांच्या नावाने मागते, आल्ट-टॅब करते, तुझ्या नावाने मंजूर करते. मागणारी मीच, देणारीही मीच, आणि तू वर कोपऱ्यात हसतेस. रोशनी, तू हे काम करायचीस तेव्हा टॉर्च घेऊन खाली जायचीस, रॅकखाली वाकून वास घ्यायचीस, आग विझवायचा सिलिंडर हाताने हलवून बघायचीस. मीही सुरुवातीला जायचे. सर म्हणाले, "मॅडम, जिना झिजवायला ठेवलंय का तुम्हाला? कॅमेरा कशाला बसवलाय?" म्हणून मी कॅमेऱ्यात बघायला लागले. न बघता मी एकदाही मंजूर केलं नाही. मागची भिंत मोकळी, शटर मोकळं, टेबलावर आई. दिसलं, की हिरवी खूण.

आईला ताप होता त्या दिवशी मी तिला घरी गोधडीत निजवून आले होते. ती उठून कोट शोधत होती, तो मी मुद्दाम वर फळीवर टाकला. दुपारी सरांचा फोन आला, मागच्या रॅकचं छोटं काम आहे. मी मागितलं, तुझ्या खिडकीत गेले, मग कॅमेऱ्यात बघितलं. मागची भिंत मोकळी, शटर मोकळं, टेबलावर आई.

मला आधी राग आला. म्हटलं, ऐकलं नाही, ताप घेऊन आलीच. मी घरी फोन लावला, वडिलांना बोलावं म्हणून. फोन आईनेच उचलला. म्हणाली, "घरीच हाय गं बाय, पडलंय. पेज पिली. तू जेवलीस का न्हाय?" मागे आपल्या पाड्यावरचा कोंबडा आरवत होता. मी फोन कानाला धरून पडद्याकडे बघत होते. पडद्यावर आई चिकटपट्टीचं रीळ हातात धरून खोक्यावर वाकलेली होती. फोनवर ती खोकली. पडद्यावरची खोकली नाही. तिचा हात वर होता तो वरच राहिला. वेड्यासारखं मी आईला विचारलं, "तू नक्की घरी आहेस ना?" ती म्हणाली, "तुलाच ताप चढला काय?"

मग मी ती खिडकी पूर्ण मोठी केली. कॅमेऱ्याच्या चित्राच्या कडेला तारीख आणि वेळ येते, तुला आठवत असेल. चार खिडक्या एका पडद्यावर कोंबल्या की ती कड खिडकीबाहेर जाते. आपण दोघींनी तशाच लावल्या होत्या, वेळ वाचतो म्हणून. तारीख घटस्थापनेची होती. त्या दिवशी मागच्या कॅमेऱ्याची लाइन तुटली, आणि त्या खिडकीने शेवटचं चित्र तसंच धरून ठेवलं. आई रोज तिथेच बसते, रोज तोच हिरवा कोट घालते, म्हणून मला ते रोज खरं वाटत होतं. नवरात्र गेलं, दसरा गेला, कोजागिरी गेली, आणि मी त्या एका दिवसाकडे बघून पुढचे सगळे दिवस मंजूर करत होते. तुझ्या नावाने.

मी खाली गेले. जिन्यावरच वास आला. गोड, डोकं धरणारा. दिवाळीच्या सीझनचा माल आलाय, स्प्रेच्या सेंटच्या बाटल्या, खोक्यांवर ज्वाळेचं लाल चित्र. कॅमेऱ्यात जी भिंत मोकळी दिसत होती तिथे छपरापर्यंत खोकी रचलेली. मागचं शटर त्यांच्या पाठीमागे कुठेतरी होतं, मला दिसलं नाही. हात घालायला फट नव्हती. सिलिंडर होता, पण त्याच्यावर कुणीतरी डबा अडकवून ठेवला होता. त्या खोक्यांच्या पुढ्यात बायका बसून चिकटपट्ट्या मारत होत्या, आईच्या जागी धोंडूबाई होती. मला बघून म्हणाली, "टीव्हीतली बाय खाली उतरली गं!" सगळ्या हसल्या. मला हसायला आलं नाही.

वेल्डिंगवाला मशीन लावून तयारच बसला होता. मी त्याला म्हटलं, थांबा, इथे काम करायचं नाही. तो चक्रावला. म्हणाला, "मॅडम, हम तो इतने दिन से यहीं कर रहे हैं. पास आ जाता है ना फोन पे." मी विचारलं, कोण देतं पास? म्हणाला, "रोशनी मॅडम. बहोत फास्ट हैं, दो मिनट में दे देती हैं. पहले वाले गोडाऊन में तो आधा दिन बैठना पडता था. किधर बैठती हैं वो? एक बार सलाम करना था." मला त्याला सांगता आलं नाही की तू इथे बसत नाहीस. त्या दिवशीचं परमिट मी रद्द केलं आणि वर आले.

सरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. चहा मागवला. म्हणाले, "सीझन आहे दिपिका, माल काय डोक्यावर ठेवू? दिवाळीनंतर सगळं मोकळं होईल." कॅमेऱ्याची लाइन जोडायला माणूस बोलावतो म्हणाले. मी विचारलं, मग रॅकचं काम पण दिवाळीनंतर? म्हणाले, नाही, रॅक वाकलेत, माल अंगावर पडला तर तूच म्हणशील. सोमवारी सकाळी सगळ्या मागच्या लायनीचं परमिट एकदम करून टाक. मग त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "तुझ्या आईला पुढच्या दाराजवळ बसवतो. झालं? आता तरी निवांत राहशील?" हेड ऑफिसला कळवू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "कळव ना. सेफ्टीला माणूस नाही हे त्यांना कळलं की गोडाऊन बंद करतील. मग पाड्यावरच्या बायकांना तूच सांग, घरी बसा." मी तरीही माझ्या नावाने हेड ऑफिसला मेल टाकलाय. आज शनिवार. सोमवारच्या आत कुणी उघडेल असं वाटत नाही.

आईला म्हटलं, सोमवारी जाऊ नकोस. तिने का ते विचारलं, मी सांगितलं. माझी आई शाळेत गेली नाही, पण तिने भांडं घासता घासता एवढंच विचारलं, "मी न्हाय गेलं तर माझ्या जागी कोन बसंल?" मी म्हटलं, धोंडूबाई. तिने घासलेलं भांडं पालथं घातलं. मग म्हणाली, "मंग मला पुढच्या दाराशी पण नको." धोंडूबाई आणि बाकीच्या जणींना तिने सांगून बघितलं. त्यांनी विचारलं, पोरीने टीव्हीत काही बघितलं काय? सीझनची हजेरी कुणालाच बुडवायची नाहीये. सगळ्या सोमवारी येणार आहेत.

आता तुला का लिहितेय ते. आज निघण्याआधी मी तुझ्या खिडकीत गेले, तुझ्या फोटोवर क्लिक केलं आणि तुला लॉगआऊट केलं. प्रोफाइलही पुसलं. आता ते कंट्रोल-शिफ्ट-टीने परत येत नाही, मी करून बघितलं. तुझा पासवर्ड सरांना माहीत आहे, पण नव्याने आत जायचं तर ओटीपी लागतो, आणि तो तुझ्याच मोबाइलवर येतो, कारण नंबर तुझाच दिलेला आहे. तो बदलायचा तर हेड ऑफिसला सांगावं लागेल, आणि ते सर करणार नाहीत. मंजुरी द्यायला तुझ्याशिवाय दुसरं नावच नाही. म्हणजे सोमवारी सकाळी तुला फोन येईल. सर गोड बोलतील. कसं चाललंय, सासरचे बरे आहेत का, सगळं विचारतील. वापीच्या नोकरीसाठी तुला हवं असलेलं अनुभवाचं पत्र सहीसकट तयार आहे म्हणतील, फक्त एक आकडा आलाय तो सांग. तुला त्या पत्राची किती गरज आहे ते मला माहीत आहे. तरी तो आकडा सांगू नकोस. कुणालाच नाही. रोशनी, मी स्वतः फोन करून मागितला, रडून मागितला, तरी नाही. तेव्हा माझ्या शेजारी कुणीतरी उभं असेल.

तुझीच,
दिपिका